प्लानिकाची महाकाय टेकडी : उदय, पतन आणि पुनरुत्थान

साधारण दोन ते अडीच वर्षांचे मूल एके दिवशी दोन्ही पाय एकदम उचलून जागच्या जागी उडी मारते. जमिनीपासून त्याचे पाऊल जेमतेम बोटभर वर जाते. परंतु त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो विजय उमटतो, तो पाहण्याचे भाग्य आम्हा बालरोगतज्ज्ञांना नित्य लाभते. आम्ही आमच्या कागदावर विकासाचा एक टप्पा पूर्ण झाल्याची खूण करतो आणि पुढील मुलाकडे वळतो. मानवाने या बोटभर उडीचे पुढे काय केले, याचा विचार करण्यास आम्हांस सवड नसते.

ती सवड मला काही वर्षांपूर्वी युरोपातील एका प्रवासात मिळाली. स्लोव्हेनिया हा सुमारे वीस लाख लोकवस्तीचा, आल्प्स पर्वताच्या कुशीतला चिमुकला देश. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमा जेथे हाकेच्या अंतरावर येतात, तेथे प्लानिका नावाची दरी आहे. उन्हाळ्याचे दिवस होते, बर्फाचा मागमूस नव्हता. पोन्त्से पर्वतरांगेच्या पायथ्याशी, देवदारांच्या रांगा कापून काढलेले आठ उतार एकमेकांशेजारी उभे होते. सर्वांत मोठ्याकडे पाहताना मान मोडावी, सर्वांत लहान मात्र आपल्याकडील बागेतील घसरगुंडीहून थोडा मोठा. या आठ उतारांपैकी एकाची कथा आज सांगावयाची आहे. तो एकेकाळी जगात अग्रेसर होता, पुढे मागे पडला, कोसळला, अकरा वर्षे तसाच राहिला, आणि पुन्हा उभारला गेला.

उडीची टेकडी म्हणजे काय?

आपणा बहुतेकांस स्कीउडी हा खेळ दूरचित्रवाणीवरील ऑलिंपिकच्या चित्रणापुरताच ठाऊक असतो. म्हणून प्रथम टेकडीची रचना थोडक्यात सांगतो. वरच्या टोकाला एक अरुंद, तीव्र उताराचा वेगमार्ग असतो. खेळाडू त्यावरून ओणवा बसून घसरत येतो आणि मोठ्या टेकडीवर ताशी सुमारे ९० किलोमीटर, तर सर्वांत मोठ्या उड्डाणटेकडीवर १०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. वेगमार्गाच्या शेवटी उडीचा कठडा असतो. पाहणाऱ्यास तो वर वळलेला वाटतो, पण प्रत्यक्षात तो सुमारे अकरा अंशांनी खालीच झुकलेला असतो. वर जाण्याचे काम खेळाडूने स्वतःच्या पायांच्या बळावर, क्षणाच्या काही अंशात करावयाचे असते.

त्याखाली उतरण्याचा उतार असतो, आणि खरी शास्त्रीय करामत तेथे आहे. हा उतार खेळाडूच्या हवेतील मार्गाशी जवळजवळ समांतर आखलेला असतो. त्यामुळे शंभर-दीडशे मीटर अंतर कापूनही खेळाडू जमिनीपासून फारसा उंच कधीच नसतो, आणि टेकताना बसणारा धक्का पाय सहन करू शकतात. उतार जेथे सपाट होऊ लागतो, त्या पलीकडे गेल्यास मात्र तोच धक्का गुडघे मोडण्याइतका होतो. टेकडीची सुरक्षितता म्हणजे मूलतः त्या वक्ररेषेची सुरक्षितता. खेळाडूचे धैर्य आपल्या डोळ्यांना दिसते. ती रेषा आखणाऱ्याची गणिते दिसत नाहीत.

विमाने बनविणारा अभियंता

प्लानिकाच्या मोठ्या टेकडीचे काम १९३३ च्या सुमारास सुरू झाले आणि १९३४ साली तेथे पहिल्या स्पर्धा झाल्या. स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्ह राज्याचा भाग होता. प्राथमिक बांधणीत इव्हान रोझमान यांचा मोठा वाटा होता. परंतु टेकडीस नाव मिळाले ते स्टान्को ब्लौडेक यांचे, कारण पुढे तिला वाढविण्याचे आणि जगासमोर आणण्याचे काम त्यांनी केले. तिचे स्थानिक नाव ‘ब्लौडकोव्हा वेलिकांका’, म्हणजे ब्लौडेकची महाकाय टेकडी.

ब्लौडेक यांचा जन्म १८९० चा. ते व्यवसायाने अभियंता, आणि विशेष म्हणजे विमानांचे रचनाकार होते. पंखाखालून वाहणारी हवा वजन कसे तोलून धरते, हा ज्याचा नित्याचा विचार, त्याने मानवी देह हवेत तोलण्याचा विचार करावा, यात नवल नाही. त्यांच्या जोडीला योसो गोरेत्स हे कुशल संघटक होते. परदेशी खेळाडूंना बोलावणे, प्रसिद्धी करणे, या आडबाजूच्या दरीत प्रेक्षक आणणे, हे काम गोरेत्स यांचे. कोणत्याही संस्थेला असे दोघे लागतात, हे आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीस वेगळे सांगावयास नको.

पहिल्याच वर्षी नॉर्वेच्या बिर्गर रूड यांनी येथे ९२ मीटरचा जागतिक विक्रम केला. शंभर मीटरचा आकडा आता दृष्टिपथात होता. पण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला इतक्या मोठ्या टेकड्या मान्य नव्हत्या. त्यांच्या मते हा खेळ नव्हता, धाडस होते. असे असूनही १५ मार्च १९३६ रोजी ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल हा अवघ्या अठरा वर्षांचा तरुण या टेकडीवरून निघाला आणि शंभर मीटरची रेषा ओलांडून पलीकडे उभा राहिला. मानवाने स्कीवरून शंभर मीटर पार करण्याची ती पहिलीच वेळ. ही आता उडी राहिली नाही, हे उड्डाण झाले, अशा आशयाचे ब्लौडेक यांचे उद्गार सांगितले जातात. पुढे उडी आणि उड्डाण हे दोन भिन्न क्रीडाप्रकार मानले गेले, त्याचे मूळ या दिवसात आहे.

महायुद्धानंतर, १९४८ साली, स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ चानेन यांनी येथेच १२० मीटरचा विक्रम केला. त्यानंतर मात्र जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथे अधिक मोठ्या उड्डाणटेकड्या झाल्या आणि ब्लौडेक यांची महाकाय टेकडी विक्रमांच्या शर्यतीत मागे पडली. ब्लौडेक १९५९ साली निवर्तले. स्लोव्हेनियातील क्रीडाक्षेत्राचा सर्वोच्च पुरस्कार आज त्यांच्याच नावाने दिला जातो.

धाकटी पण थोर

त्यांच्या पश्चात व्लाडो आणि यानेझ गोरिशेक या अभियंता बंधूंनी त्याच दरीत, जुन्या टेकडीपासून जवळच, एक नवी उड्डाणटेकडी उभारली. तिचे नाव ‘लेताल्नित्सा’. १९६९ च्या मार्च महिन्यात ती खुली झाली आणि त्या पहिल्याच स्पर्धेत जागतिक विक्रम पुन्हा पुन्हा मोडला जाऊन अखेर पूर्व जर्मनीच्या मानफ्रेड वोल्फ यांच्या १६५ मीटरवर थांबला. १९७२ साली उड्डाणाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही येथेच झाली व ती स्वित्झर्लंडच्या वाल्टर श्टायनर यांनी जिंकली.

श्टायनर यांच्याविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे वाटते. ते पेशाने लाकडावर कोरीव काम करणारे कारागीर. १९७४ साली याच टेकडीवर ते इतरांहून इतके दूर जाऊ लागले की, उतार सपाट होण्याच्या धोक्याच्या पट्ट्यात पोहोचले आणि पडले. तेव्हा त्यांनी स्वतःच, आपली सुरुवात इतरांपेक्षा खालून व्हावी असा आग्रह धरला आणि तरीही ते जिंकले. वेर्नर हर्झोग या प्रख्यात जर्मन दिग्दर्शकाने त्यांच्यावर माहितीपट केला आहे. जिंकणाऱ्यानेच थांबण्याची मागणी करावी आणि आयोजकांनी अधिक दूरच्या उडीच्या मोहात पडावे, हा प्रसंग केवळ खेळापुरता आहे असे मला वाटत नाही.

१७ मार्च १९९४ रोजी फिनलंडच्या टोनी निएमिनेन याने लेताल्नित्सावर २०३ मीटर पार करून दोनशेची सीमा ओलांडली. त्याचेही वय अठराच होते. शंभर आणि दोनशे या दोन्ही सीमा एकाच दरीत, अठ्ठावन्न वर्षांच्या अंतराने, अठराव्या वर्षी ओलांडल्या गेल्या, हा योगायोग बालरोगतज्ज्ञास अंतर्मुख करणारा आहे. आपल्या व्याख्येनुसार ही मुले पौगंडावस्थेतून नुकतीच बाहेर पडत होती.

कोसळलेली पायरी

इकडे मूळची महाकाय टेकडी वृद्ध होत होती. विश्वचषकाच्या फेऱ्या तिच्यावर होत राहिल्या, तथापि १९९० चे दशक संपता संपता तिची अवस्था खालावली. २००१ साली तिचा काही भाग कोसळला आणि ती वापरातून गेली. १९९१ साली स्वतंत्र झालेल्या लहानशा देशापुढे तेव्हा इतर अनेक प्रश्न होते. शेजारी लेताल्नित्सा उभी होती, दरवर्षी मार्चमध्ये हजारो प्रेक्षक झेंडे घेऊन येत होते, विक्रम होत होते. २००५ साली नॉर्वेच्या ब्योर्न आयनार रोमोरेन याने तेथे २३९ मीटर गाठले. अशा वेळी जुन्या, लहान टेकडीची उणीव कोणास भासणार?

उणीव होती, पण ती उत्सवाच्या दिवशी दिसणारी नव्हती. उड्डाणटेकडी ही वर्षातून काही दिवसच वापरावयाची, निवडक खेळाडूंसाठीची गोष्ट आहे. तेथे कोणी शिकत नाही. तेथे शिकून आलेले लोक जातात. शिकण्याची जागा म्हणजे लहान टेकडी, मग मध्यम, मग मोठी. प्लानिकात शिखर शाबूत होते, पण त्याखालची मोठी पायरीच नाहीशी झाली होती. वरचा मजला दिव्यांनी उजळलेला आणि जिना मधूनच तुटलेला, अशी ती स्थिती होती.

अकरा वर्षांनी जिना पुन्हा बांधला गेला. ब्लौडेक यांच्या नावाची टेकडी नव्याने उभारून २०१२ साली खुली झाली. तिचा आजचा आकार १३८ मीटरचा आहे. तिच्या शेजारी १०२ मीटरची मध्यम टेकडी झाली. आणि या पुनरुज्जीवनातील, माझ्या मते, सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे त्यांच्या पायथ्याशी केलेल्या लहान मुलांच्या टेकड्या. सर्वांत लहानीचा आकार अवघा १५ मीटर. उतारांवर विशिष्ट प्रकारचे प्लास्टिकचे आच्छादन असून त्यावर पाणी शिंपडले की, भर उन्हाळ्यात बर्फावाचून सराव चालतो. युरोपीय संघाच्या निधीचाही हातभार लागलेले हे संपूर्ण नॉर्डिक केंद्र २०१५ च्या डिसेंबरात रीतसर सुरू झाले. तेथे संग्रहालय आहे, हवेच्या झोतात तरंगण्याचा सराव करण्यासाठी वातबोगदा आहे.

फळ येण्यास फार वेळ लागला नाही. २०२३ साली नॉर्डिक क्रीडाप्रकारांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्लानिकात झाली. पुन्हा उभ्या राहिलेल्या मोठ्या टेकडीवर पुरुषांचे वैयक्तिक सुवर्णपदक यजमान देशाच्या टिमी झाय्त्स याने जिंकले आणि सांघिक सुवर्णही स्लोव्हेनियानेच पटकावले. स्त्रियांमध्ये कॅनडाची एकोणीस वर्षांची अलेक्झांड्रिया लुटिट विजयी झाली. एकेकाळी कोसळलेल्या जागेवर आता राष्ट्रगीत वाजत होते.

‘वैद्यकीय कारण’

येथे आपल्या व्यवसायाशी संबंधित दोन गोष्टी नमूद केल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. पहिली स्त्रियांविषयी. पुरुषांची स्कीउडी १९२४ सालच्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे. स्त्रियांना तीच संधी मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. अगदी २००५ साली, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी हा खेळ वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांसाठी योग्य वाटत नाही, असे मत जाहीरपणे व्यक्त केले होते. त्यामागे कोणते वैद्यकीय प्रमाण होते? कोणतेही नव्हते. आपल्या शास्त्राचे नाव घेऊन दार बंद करणे सोपे असते, कारण सामान्य माणूस त्यापुढे निरुत्तर होतो. २०२३ साली नॉर्वेतील विकरसुंद येथे स्त्रियांना प्रथमच उड्डाणटेकडीवरून स्पर्धेत उतरता आले आणि स्लोव्हेनियाच्या एमा क्लिनेत्स हिने २२६ मीटर पार केले. २०२५ साली तिचीच देशभगिनी निका प्रेव्हत्स २३६ मीटरपर्यंत पोहोचली. या आकड्यांनी त्या तथाकथित वैद्यकीय कारणाची शवचिकित्सा पुरती झाली.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती माझ्या अधिक जिव्हाळ्याची आहे. १९८० च्या दशकात स्वीडनच्या यान बोकलॉव्ह याने स्कींची टोके फाकवून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात उडण्याची पद्धत रूढ केली. आरंभी परीक्षकांनी शैलीचे गुण कापले, तरी १९८८-८९ चा विश्वचषक त्यानेच जिंकला. या बोकलॉव्हला अपस्माराचा विकार होता, हेही आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. नव्या पद्धतीत देहाखाली अधिक हवा साठते आणि जो हलका तो दूर जातो. परिणाम काय होणार, हे आपणा डॉक्टरांना सांगावयास नको. उपाशी राहणारे तरुण, हाडांचे सापळे झालेले विजेते असे चित्र दिसू लागले.

महासंघाने २००४ च्या सुमारास यावर जो नियम केला, तो मला अतिशय मार्मिक वाटतो. खेळाडूच्या स्कीची लांबी त्याच्या उंचीच्या ठरावीक प्रमाणात, सुमारे १४५ टक्क्यांपर्यंत असू शकते. परंतु त्याचा बीएमआय ठरलेल्या मर्यादेखाली गेला, तर त्याला स्कीची लांबी कमी करावी लागते. स्की आखूड म्हणजे हवेत तोलणारे क्षेत्र कमी, म्हणजेच उपासाने कमावलेले अंतर नियमाने हरपते. उपदेश नाही, दंड नाही. लोभाचे कारणच काढून घेतले. प्रश्न पूर्णपणे सुटला असे कोणी म्हणणार नाही, पण ‘नीट खात जा’ असे शंभरदा सांगून जे साधत नाही, ते मोजमापाच्या एका पट्टीने बरेचसे साधले.

माझ्याकडे एक बारा वर्षांची मुलगी आणली होती. ती जिम्नॅस्टिक्स करीत असे. तक्रार थकव्याची होती. तिच्या वाढीच्या तक्त्यावर दीड वर्ष वजनाची रेषा आडवी पडली होती आणि उंचीची रेषाही मंदावू लागली होती. आई म्हणाली, “डॉक्टर, वजन वाढलं नाही म्हणून तर तिची निवड झाली.” आई-वडील अडाणी नव्हते, निष्ठुर तर मुळीच नव्हते. त्यांच्या मुलीच्या खेळात ती पट्टी कोणी लावलेली नव्हती, एवढेच. त्या दिवसापासून खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाढीचा तक्ता मी पालकांसमोर उलगडून दाखवितो आणि त्यांच्याच हातात पेन देऊन पुढचा बिंदू काढावयास सांगतो.

पडणे आणि परतणे

या खेळाचे कौतुक करताना त्याच्या जोखमीकडे डोळेझाक करणे वैद्यास शोभणार नाही. २५ मार्च २०२१ रोजी लेताल्नित्सावर नॉर्वेचा दानियल-आंद्रे तांदे हवेतच तोल जाऊन उतारावर आदळला. गळपट्टीचे हाड मोडले, फुप्फुसास इजा झाली. त्याला हेलिकॉप्टरने ल्युब्लियाना येथील रुग्णालयात नेण्यात आले आणि काही दिवस औषधांच्या साहाय्याने बेशुद्धावस्थेत ठेवण्यात आले. तो वाचला, इतकेच नव्हे, तर पुढील हंगामात स्पर्धेतही परतला. जेथे अपघात अटळ असतो, तेथे उताराशी तैनात असलेले वैद्यकीय पथक हे त्या टेकडीच्या रचनेचाच भाग असते. कठडा, वक्ररेषा आणि प्रथमोपचार यांपैकी एकही वगळून चालत नाही.

पंधरा मीटरची टेकडी

३० मार्च २०२५ रोजी डोमेन प्रेव्हत्स याने लेताल्नित्सावर २५४.५ मीटरचा जागतिक विक्रम केला. वर उल्लेखिलेली निका ही त्याची धाकटी बहीण, आणि २०१५-१६ चा विश्वचषकविजेता पीटर हा त्यांचा थोरला भाऊ. वृत्तपत्रांनी या घराण्याच्या रक्तातील गुणांचे वर्णन केले. आनुवंशिकतेचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु उतरत्या कठड्यावरून झेप घेण्याचे धैर्य रक्तातून येत नाही. ते पायरी-पायरीने, शेकडो लहान उड्यांतून अंगी मुरते.

त्या उन्हाळ्यातील दुपारी मी पंधरा मीटरच्या टेकडीजवळ बराच वेळ उभा होतो. सहा-सात वर्षांची मुले आपापल्या स्की खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होती. एक मुलगा वर जाऊन बसला, खाली पाहिले, आणि पुन्हा उठून बाजूला झाला. प्रशिक्षकाने ना ढकलले, ना हसले. पुढच्या मुलास खूण केली. दोन-तीन मुले गेल्यावर तोच मुलगा पुन्हा येऊन बसला आणि निघाला. हवेत तो कितीसा होता? डोळ्याचे पाते लवेपर्यंत. खाली थांबल्यावर मात्र त्याने मागे वळून टेकडीकडे जे पाहिले, ती मुद्रा माझ्या ओळखीची होती. दोन्ही पाय उचलून प्रथमच उडी मारणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाची ती मुद्रा. त्याच्या मागे, त्याच्याकडे लक्षही न देता, ब्लौडेक यांची महाकाय टेकडी उभी होती.

आपल्या शहरांत मोठी क्रीडासंकुले होत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गल्लीतील मोकळी जागा, शाळेचे मातीचे मैदान, घराजवळची बाग या आपल्या पंधरा मीटरच्या टेकड्या एकेक करून नाहीशा होत आहेत, आणि त्या कोसळल्याचा आवाजही होत नाही. सहव्यवसायी बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, मुलास जीवनसत्त्वाचे औषध लिहून देताना, ते रोज खेळावयास कोठे जाते, हाही प्रश्न विचारावा. उत्तर ‘कोठेच नाही’ असे आले, तर तो निष्कर्षही केसपेपरवर लिहून ठेवावा. प्लानिकाच्या लोकांना तुटलेली पायरी पुन्हा बांधण्यास अकरा वर्षे लागली. आपली कोणती पायरी तुटली आहे, याची नोंद तरी आपण आजपासून ठेवू या.